मधला खटका

आमच्या बँकेने माझ्या अंगी नसलेले अनेक गुण आजवर हेरले आहेत, आणि त्या गुणांना वाव मिळावा म्हणून वेळोवेळी माझी बदली केली आहे. चार वर्षांपूर्वी मला समुद्राची आवड आहे असा शोध मुख्य कचेरीत कुणाला तरी लागला आणि मी खाडीकाठच्या एका शाखेत जाऊन पडलो. शाखा म्हणजे दोन खोल्या, एक तिजोरी, एक मॅनेजर, एक शिपाई आणि भरतीबरोबर आत येणारा व ओहोटीबरोबर बाहेर न जाणारा सुक्या मासळीचा वास.

इथली निम्मी कर्जे होड्यांवर. बँकेचा नियम असा, की ज्या वस्तूवर कर्ज दिले ती वस्तू अधूनमधून जाऊन डोळ्यांनी पाहायची. म्हैस असली तर तिच्या कानातला बिल्ला पाहावा. विहीर असली तर काठावरून आत वाकावे आणि पाणी दिसो न दिसो, 'पाहिली' असे लिहावे. होडीचे काय पाहावे हे मात्र बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत कुणी सांगितले नव्हते. यंत्रावरचा घसारा काढायला आम्हांला शिकवले होते, पण यंत्र मुळात घासते कशाने, हे अभ्यासक्रमात नव्हते. ते मी एका दुपारी स्वतःच्या हाताने शिकलो.

होडी फायबरची होती. मागे लटकवलेले इंजिन, पुढे पर्यटकांसाठी दोन बाकडी आणि डॉल्फिन दाखवण्याचे आश्वासन. कर्जदार साठीच्या पुढचे. सारा गाव त्यांना तांडेलमामा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. उमेदीची वर्षे त्यांनी मुंबई बंदरात लाँचवर काढली, पण सुकाणूवर नव्हे, खाली इंजिनापाशी. तपासणी दहा मिनिटांत संपली. मॅनेजरसाहेबांनी इंजिनावरचा नंबर फायलीतल्या नंबराशी ताडून पाहिला आणि मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. मग मामा म्हणाले, "एक फेरी मारूया की सायेब. चालतं का नाय ते तरी बघा."

फेरी छान झाली. परतताना मामांनी मला विचारले, "बघता काय चालवून?"

मी गेली वीस वर्षे स्कूटर चालवतो, त्यामुळे गिअर या विषयावर माझी काही मते आहेत. शिवाय इथे एकच दांडा होता. उभा असला की न्यूट्रल. पुढे ढकलला की 'खट्' होऊन होडी पुढे जाते, आणखी ढकलला की वेग वाढतो. मागे ओढला की तसेच उलटे. यात न येण्यासारखे काय आहे? मी दांडा पुढे लोटला. वारा लागला, छत्री उलटी झाली, मॅनेजरसाहेब कौतुकाने उभे राहिले. स्कूटरला ब्रेक असतो आणि होडीला नसतो, हा फरक मला जेटी वीस हातांवर आल्यावर आठवला.

मी दांडा पुढून थेट मागे ओढला. रिकाम्या डब्यात खिळे भरून तो डबा कुणी जिन्यावरून सोडून द्यावा, तसा खर्रर्र आवाज झाला आणि इंजिन गप्प झाले. होडी गप्प झाली नाही. ती जेटीच्या टायरांवर जाऊन आदळली. उभे असलेले मॅनेजरसाहेब फायलीसकट मांदेलीच्या टोपलीत बसले.

मामा रागावले नाहीत. त्यांनी आधी साहेबांना टोपलीतून काढले, मग इंजिनाकडे वाकून पाहिले, मग माझ्याकडे. "पुढनं मागं जाताना मधी दम खायचा असतो सायेब," एवढेच ते म्हणाले.

घरी हिने विचारले, "शर्टाला मांदेलीचा वास कसला?" मी म्हणालो, "गिअर चुकला." ती म्हणाली, "त्यात नवीन काय?"

कारकुनाचा एक स्वभाव असतो. दोन रुपयांचा फरक निघाला तरी तो आठ दिवस मागची पाने चाळतो. 'मधी दम खायचा' हे दोन रुपये मला टोचत राहिले, आणि मी मागची पाने चाळता चाळता पार जेम्स वॅटपर्यंत जाऊन पोचलो.

थ्रॉटल हा शब्द इंग्रजीत घशाच्या घराण्यातला. थ्रॉटल करणे म्हणजे चक्क गळा दाबणे. वाफेच्या नळीत एक झडप बसवायची; ती मिटली की इंजिनाचा घसा आवळतो, उघडली की त्याला श्वास मिळतो. पेट्रोलच्या इंजिनातही तेच: हवेच्या वाटेवर एक चकती. म्हणजे आपण दांडा पुढे ढकलतो तेव्हा इंजिनाला नवे बळ देत नसतो, त्याच्या गळ्यावरचा आपलाच हात सैल करत असतो. मामा याला 'रेस' म्हणतात. हे वाचल्यापासून मी मॅनेजरसाहेबांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. ही झडप माणसाच्या हाती ठेवण्यात अर्थ नाही असे वॅटला वाटले असावे, कारण १७८८ मध्ये त्याने इंजिनाला दोन फिरते गोळे जोडले. वेग वाढला की गोळे फाकत आणि झडप आपोआप आवळली जाई.

पण बोटीवर ते जमेना. कारखान्यातले इंजिन दिवसभर एकाच चालीने चालते. बोटीला धक्क्याला लागायचे असते, थांबायचे असते, मागे यायचे असते. फुल्टनची आगबोट १८०७ मध्ये न्यूयॉर्कहून आल्बनीला ३२ तासांत गेली. तेव्हापासून पुढे शंभर वर्षे बोटींचा कारभार दोन माणसांत वाटलेला होता. कप्तानाला वरून दिसे, पण झडप त्याच्या हाती नसे. झडप इंजिनवाल्याच्या हाती, पण त्याला खाली काही दिसत नसे. दोघांच्या मधे आधी आरडाओरडा होता, मग घंटा आली, मग टेलिग्राफ नावाची तबकडी आली. पूर्ण पुढे, अर्धे पुढे, सावकाश, तयार, थांबा, मागे. वर कप्तानाने दांडा फिरवला की खाली घंटा वाजून काटा हले. मग खालचा माणूस आपला दांडा त्याच खुणेवर आणी आणि वरच्या तबकडीवर उत्तर उमटे: पोचला हुकूम.

आमच्या बँकेत याला मेकर आणि चेकर म्हणतात. मी व्हाउचर भरायचे, दुसऱ्याने पास करायचे. तिजोरीच्याही किल्ल्या दोन. लोक याला दिरंगाई म्हणतात. पण हुकूम आणि अंमल यांच्यामध्ये जो क्षणभराचा वेळ जातो, तोच मामांचा 'दम'. वाफेच्या बोटीत तो खाल्लाच जाई, कारण मधे एक माणूस उभा असे.

अर्थात हा वेळ कधी महागही पडतो. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिकच्या पुढ्यात हिमनग दिसला, तेव्हा हाती मिनिटभरही नव्हते. पुढे चौकशीत बोटीवरच्या एका अधिकाऱ्याने सांगितले, की तबकडी 'पूर्ण मागे'वर होती. खालच्या भट्टीपाशी असलेला माणूस म्हणाला, की हुकूम 'थांबा' असा आला. दोघांच्या जमाखर्चाचा मेळ अजून लागलेला नाही. शिवाय तिच्या तीन पंख्यांपैकी मधला पंखा टर्बाइनवर चाले, आणि त्या टर्बाइनला उलटे फिरणे ठाऊकच नव्हते.

मुंबईच्या बंदरात ही दोन माणसांची पद्धत फार वर्षे टिकली. लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायचो. वर सारंग दोरी ओढायचा, खाली कुठेतरी टण् व्हायचे आणि लाँचचा सूर बदलायचा. मला वाटे, लाँचला शाळेसारखी मधली सुट्टी असते. कायद्यालाही ही वाटणी मान्य होती. अंतर्देशीय जलवाहतुकीच्या १९१७ च्या कायद्यात सारंगाचा दाखला निराळा आणि इंजिन-ड्रायव्हरचा निराळा. तो कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला. मामा त्या टण्-च्या खालच्या टोकाला अनेक वर्षे बसलेले. ते सांगतात, "वरचा घाबरला का शांत हाय, ते घंटीवरनं कळायचं. घाबरलेला वाटला, तर आमी जरा दम खाऊन गिअर टाकायचो." हे कुठल्याही कायद्यात नाही.

आता वाफेच्या इंजिनाला गिअर लागत नसे, कारण ते स्वतःच उलटे फिरू शके. घोटाळा केला तो पेट्रोलने. पेट्रोलचे मोटारीतले इंजिन एकाच दिशेने फिरते आणि एकदा थांबले की आपण होऊन सुरू होत नाही. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८६ मध्ये जर्मनीतल्या नेकार नदीत साडेचार मीटरची होडी असल्या इंजिनावर चालवली, तेव्हा लोकांना ती फुटेल अशी भीती वाटत होती. डाइमलरने काय करावे? होडीभोवती तारा गुंडाळल्या आणि चिनी मातीच्या चिमण्या बसवल्या. लोकांना वाटले, वीज आहे! विजेला कोण घाबरतो? कर्ज मागायला येताना ताळेबंद असाच सजवून आणणारे दोघेतिघे माझ्या परिचयाचे आहेत, पण ते कुणी पुढे मोटारीचे जनक झाले नाहीत.

माझे सर्वांत लाडके दाम्पत्य मात्र पलीकडचे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे. ओले एविनरूड हा नॉर्वेहून आलेला कारागीर. तळ्याकाठी सहल गेली असता बेस केरी या मैत्रिणीला आइस्क्रीम खावेसे वाटले. हा उन्हातून वल्ही मारत गेला, आइस्क्रीम घेऊन वल्ही मारत परतला, तोवर त्याचे दूध झाले होते. दुसरा कुणी असता तर त्याने मैत्रीण बदलली असती. ओलेने वल्ही बदलली. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचे इंजिन त्याने घडवले आणि १९०९ पासून ते विकायला काढले. दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड. तोवर मैत्रिणीची पत्नी झाली होती आणि तिचे मत पडले, की हे यंत्र कॉफी दळायच्या चक्कीसारखे दिसते. (पत्नीचे मत कुठेही असेच पडते.) पण पत्रव्यवहार, जाहिराती आणि हिशेबाच्या वह्या बेसबाईंनीच सांभाळल्या आणि धंदा उभा केला. वाणिज्य शाखेच्या मुलांना हा धडा कुणी का लावत नाही, मला कळत नाही.

या चक्कीला गिअर नव्हता. इंजिन सुरू झाले की पंखा फिरलाच आणि होडी निघालीच. मग चढणारा चढलेला असो की धक्क्यावर एक पाय ठेवून असो. न्यूट्रल नावाची जागाच नव्हती. मागे यायचे तर आख्खे इंजिन हाताने उलट्या बाजूला वळवायचे. कोळ्यांच्या होड्यांतल्या एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनांची तर न्यारीच तऱ्हा. ते दोन्ही दिशांनी फिरायला राजी असे, म्हणून चालवणारा ठिणगी तोडायचा, इंजिन मरायला टेकले की नेमक्या त्या क्षणी पुन्हा जोडायचा, आणि ते लाथ मारून उलटे फिरू लागायचे. क्षण साधला तर होडी धक्क्याला अलगद लागे. नाही साधला तर एकतर इंजिन मरे, नाहीतर पुढेच जाई, आणि धक्क्यावरचे लोक बाजूला होत.

अडकवायच्या इंजिनात पुढे, मधे आणि मागे अशा तिन्ही जागा नीट मिळायला १९४९ उजाडावे लागले. त्या साली जॉन्सन कंपनीने दहा हॉर्सपॉवरच्या इंजिनाला तसा गिअर दिला. म्हणजे या इंजिनांना पुढे जाणे आधी आले आणि स्वस्थ बसणे चाळीस वर्षांनी आले. आमच्या घराण्यात हा क्रम उलटा आहे.

त्या गिअरच्या पोटात दातांचा एक खटका असतो. इंग्रजीत त्याला कुत्र्याचे नाव आहे, डॉग क्लच. आणि ते यथार्थ आहे, कारण तो एकदा चावला की चावला. हे दात एकमेकांत पुरते बसले पाहिजेत. पंखा जोरात फिरत असताना ते एकमेकांवर लोटले तर खर्रर्र होते. पण गंमत अशी, की भीत भीत, हळूहळू गिअर टाकला तरीही खर्रर्रच होते. दात अर्धवट टेकतात आणि एकमेकांची टोके झिजवतात. म्हणून रेस पार खाली आणायची, आणि मग गिअर झटकन टाकायचा. तो बसला की पुन्हा रेस सावकाश. एकाच दांड्यात पहिला विताएवढा प्रवास निर्णयाचा आणि उरलेला धीराचा. बँकेत या दोन कामांसाठी दोन वेगळ्या वेतनश्रेणी आहेत.

पूर्वी या दोन कामांना निदान दोन दांडे तरी असत, गिअरचा एक आणि रेसचा एक. मग त्यांचा मिळून एकच झाला आणि तो सारंगाच्या हाताशी आला. घंटा गेली, खालचा माणूस गेला. मेकरही मी, चेकरही मीच. सोय झाली यात शंका नाही. पण आता त्या एकट्या माणसाचाच तोल गेला तर?

इथे मला जरा गंभीर व्हावे लागते. मे २०१३ मध्ये इंग्लंडच्या पॅडस्टो गावापाशी एका वेगवान बोटीने जोरात वळण घेतले आणि आतले सहाही जण, एकाच कुटुंबातले, पाण्यात फेकले गेले. बोट तशीच रेसमध्ये गोल गोल फिरत राहिली आणि पाण्यातल्या माणसांवरून गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली. असल्या बोटीला एक दोरी असते. एक टोक चालवणाऱ्याच्या अंगाला, दुसरे बटणाला. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद. त्या दिवशी ती दोरी कुणाच्याच अंगाला नव्हती. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना असे साधन वापरणे कायद्याने सक्तीचे झाले.

आणि १८ डिसेंबर २०२४ ची दुपार तर आपल्या दारातली. नौदलाच्या एका स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. इंजिनातल्या बिघाडामुळे तिचा ताबा सुटला असे नौदलाने सांगितले. गेटवेहून घारापुरीला शंभराहून अधिक माणसे घेऊन चाललेल्या नीलकमल लाँचवर ती आदळली. १५ माणसे गेली. त्याच वाटेने मी मुलांना घेऊन लेणी पाहायला गेलेलो आहे. मुले कठड्याशी उभी राहून पक्ष्यांना शेव टाकत होती, आणि मी तिकिटांचा हिशेब जुळवत होतो.

मामांकडे मी पुन्हा गेलो, या खेपेला फाईल न घेता. त्यांनी आधी लाल रंगाची वेटोळी दोरी माझ्या मनगटाला अडकवली. मग दांडा उभा आहे की नाही ते बघायला लावले, मग इंजिन चालू. "मागं बघा, कुणी पाण्यात हाय काय? असला तर न्यूट्रलवर भागत नाय. इंजिन बंदच करायचं." मग हाक: "बसा!" सगळे बसल्याशिवाय रेस नाही. मला एकदम मांदेलीची टोपली आठवली.

जोरात असताना रेस एकदम सोडू नये हेही त्या दिवशी कळले. होडीने मागे उठवलेली लाट होडीहून हट्टी असते. होडी थांबली तरी ती येतच राहते आणि मागच्या फळीवरून आत शिरते. म्हणून रेस उतरवायचीही पायरीपायरीने. जेटी दिसू लागली की खट् पुढे, मग न्यूट्रल. होडी आपल्या ओघाने सरकते आहे. परत खट्, परत न्यूट्रल. निम्मा प्रवास काहीही न करता. मी म्हणालो, "मामा, हे तर आमचंच काम झालं." शेवटी दांडा मधे आणून मी थांबलो. मनात नोटा मोजतात तसे मोजले: एक, दोन, तीन. मग झटकन मागे. खट्. पाणी फेसाळले, मागची बाजू जराशी तिरकी झाली, आणि होडी टायरला लागली तेव्हा टायरलाही कळले नसेल.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी विडी पेटवली.

पुढच्या आठवड्यात ते हप्ता भरायला शाखेत आले. स्लिप भरण्यासाठी काउंटरवरचे पेन उचलले, ते दीड वितीवर अडकले. आमच्याकडे पेन सुतळीने काउंटरला बांधलेले असते. त्यांनी सुतळीचे एक टोक पाहिले, दुसरे टोक पाहिले.

"सायेब, ही दोरी तुटली तर काय बंद पडतं?"

"काही नाही. लोक पेन नेतात म्हणून बांधलंय."

मामांनी नोटा पुढे सरकवल्या, काचेच्या केबिनकडे मान वळवली. आत मॅनेजरसाहेब नव्या दोन होड्यांच्या कर्जांवर सह्या करत होते, भराभर, एकामागून एक.

"मग ही तिकडं बांधा," मामा म्हणाले.